दाराच्या चौकटीवरचा घाट

किसन खरात यांचे गेल्या महिन्यात, मृग लागून आठवडा झाला असताना, एका मंगळवारी दुपारी जालन्यात राहत्या घरी काविळीने निधन झाले. वय चव्वेचाळीस. गावातल्या एका हायस्कुलात ते भूगोल शिकवत. मागे आई गयाबाई, पत्नी सुमनबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. बातमी मला कचेरीत कळली. फोन मेहबूबभाईंचा होता. अंबड रस्त्यावर त्यांचे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे. ते एवढेच म्हणाले, "सर गेले. तुम्ही या." मी कुठे, कधी असे काही विचारले नाही. चार दिवसांपूर्वीच मी त्यांना भेटून आलो होतो.

त्या शेवटच्या भेटीत खरात बाजेवर भिंतीला पाठ न लावता भिंतीकडे तोंड करून बसले होते. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. आवाज मात्र शाबूत होता, वर्गातला असावा तसा. समोरच्या भिंतीवर काव वापरून काढलेली एक लांब रेघ आहे. ती कुठे चढते, कुठे उतरते. जालन्यापासून लेहपर्यंतच्या रस्त्याची ती उंची आहे. रेघेकडे बघतच ते मला म्हणाले, "मागल्या वेळी आपण लवकर गेल्तो. आता उशीर न्हाई करायचा. तारीख हलवू नका." मी म्हणालो, आधी बरे व्हा, तारखेचे पुढे बघू. त्यावर ते हसले. "तू पत्रकार हायेस का नातेवाईक? नातेवाइकासारखं बोलून राह्यला." हे त्यांचे माझ्याशी झालेले शेवटचे बोलणे.

आमची ओळख औरंगाबादच्या वसतिगृहातली. मी जाफराबादकडच्या शेतकरी घरातला, ते वडीगोद्रीजवळच्या एका खेड्यातले. एका खोलीत आम्ही दोन वर्षे काढली. पुढे ते शिक्षक झाले, मी वार्ताहर झालो आणि दोघेही जालन्यात येऊन राहिलो. त्यांच्यात आणि माझ्यात एका सवयीचे साम्य होते. कोणतीही गोष्ट ऐकली की ती कोणी पाहिली, कधी पाहिली, हे विचारायचे. फरक एवढाच की मी विचारून छापून टाकत असे, ते विचारून मोजायला बसत. शाळेच्या मैदानाचा उतार त्यांनी पाण्याची नळी धरून मोजला होता. कुंडलिका नदीवरच्या पुलाची उंचीही त्यांनी अशीच काढली होती आणि ती फळ्यावर बरेच दिवस तशीच होती.

प्रवासाची सुरुवात एका बातमीने झाली. १९७४ साली लडाख बाहेरच्या प्रवाशांसाठी खुले झाले. आमच्या कचेरीत ती चार ओळींची बातमी आली होती आणि आतल्या पानावर लागली होती. संध्याकाळी चहा घेताना मी ती त्यांना सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मायला घेऊन जातो." मला वाटले थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा भिंतीवर रेघ काढायला सुरुवात झाली होती.

आईला लडाखला का न्यायचे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. त्यांच्या घराने छप्पन्नच्या पुढच्या वर्षी, गावातल्या इतर कुटुंबांबरोबर, बौद्ध धम्म स्वीकारला. देव्हाऱ्यातले टाक गयाबाईंनी स्वतः पदरात बांधले आणि शहागडला जाऊन गोदावरीत सोडले. पुरुष माणसे बरोबर होती, पण सोडले त्यांनी. त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांच्या मुलीला, शेवंताला, गोवर झाला. ती सात वर्षांची होती. गावातल्या बायका घरी येऊन सांगून गेल्या की देवीला बोल, नवस बोल, टाक पुन्हा करून आण. गयाबाई बोलल्या नाहीत. शेवंता वाचली नाही. खरात तेव्हा औरंगाबादला होते. ते घरी पोचले तेव्हा सगळे आटोपले होते. हे मी त्यांच्याकडून एकदा, वसतिगृहात असताना, ऐकले. नंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

गयाबाईंनी मात्र काढला. रेघ काढणे चालू होते तेव्हा, माझ्यासमोर. त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. मी विचारले, आई, एवढ्या लांब कशाला निघालात? त्या म्हणाल्या, "बापू, आपण नवे. नव्या सुनेला घरातलं समदं ठाऊक नसतं. जुन्या माणसाला इचारावं लागतं. तिकडं जुनी माणसं हायेत म्हणते किसना. पिढ्यानपिढ्याची." मी विचारले, काय विचारायचे आहे? भाकरी तव्यावर टाकून त्या म्हणाल्या, "घरात देव न्हाई. लेकरू तापानं फणफणलं. मंग कोणाला हाक मारायची? ते लोक कोणाला मारतेत?" नंतर थोड्या वेळाने, बोट पाण्यात बुडवून भाकरीवरून फिरवत म्हणाल्या, "मी केलं ते बराबरच केलं. पण रीत काय हाय ते म्हाईत पाह्यजे ना..."

खरातांनी हे ऐकले नाही असे दाखवले. ते स्टुलावर उभे राहून वीत मोजत होते. एक वीत म्हणजे दीड हजार फूट असे त्यांनी धरले होते. त्या हिशेबात जालना जमिनीपासून वितीच्या जरा वर आले. धुळे, इंदूर, आग्रा, दिल्ली ही सगळी गावे रेघेवर खालीच पडून होती. जम्मूनंतर रेघ चढू लागली. सोनमर्ग गयाबाईंच्या खांद्याला आले. त्यापुढचा झोजी ला नावाचा घाट मधल्या दाराच्या चौकटीवर गेला. कारगिलला रेघ परत खाली आली, मुलबेखला जरा वर, आणि फोतु ला हा पुढचा घाट आढ्याजवळ. गयाबाई येता-जाता चौकटीखालून वाकून जात. एकदा वर बघून म्हणाल्या, "रोज घाटाखालून जाऊन राह्यले मी. वरून कधी नेतो?"

योजनेला दोन वर्षे गेली. जीप मेहबूबभाईंची होती, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. ती सगळी उघडून पुन्हा जोडली गेली. खरात गॅरेजमध्ये जाऊन प्रत्येक भागाचे नाव विचारत. मेहबूबभाई वैतागून म्हणत, "सर, गाडी मला चालवायची हाय का तुमाला? तुमी डोंगर बघा, मी इंजिन बघतो." दिवाळीच्या सुटीत त्यांनी कन्नडच्या पुढच्या घाटात जीपची तालीम घेतली. चालवणारे मेहबूबभाई सोडून आमच्या तिघांच्या आणि सामानाच्या वजनाची ज्वारीची पोती जीपमध्ये भरली आणि घाट तीनदा चढून पाहिला. वजन एका जिनिंगच्या काट्यावर केले होते. उंचावर हवा विरळ होते, इंजिनाची ताकद कमी होते, म्हणून एकेक शेर महत्त्वाचा, असे ते सांगत. त्यांनी स्वतःचा लोखंडी डबा काढून पत्र्याचा घेतला. माझी दोन पुस्तके घरी ठेवायला लावली. पाण्यासाठी कॅनव्हासच्या छागली, रॉकेलचा स्टोव्ह, कांबळी, लोकरीचे मोजे, सगळ्याचा विचार झाला. थंडी किती असेल, श्वास कसा लागतो, चहाचे पाणी तिथे कमी उष्णतेला का उकळते, हे त्यांनी गयाबाईंना समजावून दिले होते. त्या ते शेजारणींना समजावून देत.

एका गोष्टीवर मात्र कधी चर्चा झाली नाही. ती म्हणजे महिना. निघायचे मेमध्ये, हे कोणी ठरवले नाही आणि कोणाला ठरवावेही लागले नाही. आमच्या भागात प्रवास उन्हाळ्यात करतात. लग्ने, जत्रा, लेकीबाळींना आणणे-पोचवणे, सगळे पाडव्यापासून मृगापर्यंत. पाऊस पडला की काळी माती चाकाला धरते, खेड्यांचे रस्ते बंद होतात, आणि शहाणा माणूस घर सोडत नाही. शाळेला सुटीही तेव्हाच. खरातांची वीत चुकली नाही, वजन चुकले नाही. पण मृग लागायच्या आत घरी परत यायचे, या एका खुंटीला सगळी योजना बांधलेली होती आणि ती खुंटी जालन्याची आहे, डोंगरातली नाही, हे त्यांच्या लक्षात आले नाही. माझ्याही आले नाही. आम्हांला ज्यांनी ज्यांनी तारीख विचारली, त्यांपैकी एकालाही ती चुकीची वाटली नाही.

१९७६ साली बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. खरात, गयाबाई, मेहबूबभाई आणि मी. निघताना वस्तीतली माणसे जमली. वजनाचा सगळा हिशेब तिथे मोडला. प्रत्येक घराने एकेक मेणबत्ती आणली होती. तिकडच्या बुद्धापुढे आमच्या घरची म्हणून लावा, असे प्रत्येकाचे सांगणे. खरातांनी एकही परत केली नाही, सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात भरल्या. मेहबूबभाई डब्याकडे बघून म्हणाले, "सर, माझा जॅक उतरवला वजनासाठी, आन् हा मेणबत्त्यांचा कारखाना चढवून राह्यले?" खरात म्हणाले, "जॅक घ्या परत. माझी पेटी काढा." त्यांनी पेटी सुमनबाईंच्या हाती दिली आणि दोन सदरे पिशवीत घातले.

मेमधले ऊन होते. ग्वाल्हेरच्या पुढे एका झाडाखाली जेवायला थांबलो तेव्हा खरातांनी डबा उघडला. सगळ्या मेणबत्त्या वितळून एक झाल्या होत्या. पांढरा गोळा, त्यात कुठे लाल, कुठे पिवळा पट्टा आणि जागोजागी वातींची टोके. खरात बराच वेळ डब्यात बघत राहिले. एवढ्या घरांना काय सांगायचे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. गयाबाईंनी डबा स्वतःकडे ओढला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता ही कोणाची, ती कोणाची, भांडण न्हाई." मेहबूबभाई हसले, मग खरातही. त्यांनी डबा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि सीटखाली ठेवला.

श्रीनगरला चहाच्या दुकानात एका ट्रकवाल्याने आम्हांला कुठे निघालात म्हणून विचारले. मेहबूबभाईंनी सांगितले. तो हसून त्यांच्याशी उर्दूत काही बोलला. मेहबूबभाईंनी मान वळवली आणि खाली बघत म्हणाले, "सर, घाट बंद हाय. बर्फ हाय म्हणतो. अजून खुलला न्हाई. जूनमधी खुलंल म्हणतो, तेबी नक्की न्हाई." खरात म्हणाले, "मे संपत आला." मेहबूबभाई म्हणाले, "तेच तं म्हणून राह्यला तो. मे महिन्यात कोण जातं म्हणतो."

तरी आम्ही सोनमर्गपर्यंत गेलो. तिथून पुढे रस्ता होता, पण पांढरा होता. दोन्ही बाजूंना जीपपेक्षा उंच बर्फाच्या भिंती आणि मध्ये कापण्याचे काम चालू. खरात पायी पुढे गेले. मीही बरोबर होतो. त्यांनी बर्फाला हात लावला, वीत ठेवली, तीन-चार विती मोजल्या आणि थांबले. परत येताना त्यांनी एकच वाक्य उच्चारले, "उन्हाळा मी आपला धरला." गयाबाई जीपमध्ये कांबळे पांघरून बसल्या होत्या. त्यांना सगळे सांगितल्यावर त्या मुलाकडे बघत म्हणाल्या, "तू भूगोलाचाच मास्तर हायेस ना? का दुसऱ्या कशाचा?" खरात म्हणाले, "भूगोलाचाच." त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय. मला वाटलं, मलाच काही म्हाईत न्हाई."

आम्ही तिथे सुटी पुरेल तितके दिवस थांबलो. घाट उघडण्याची वाट बघणारे आम्ही एकटेच नव्हतो. हिवाळ्यात खाली आलेली काही लडाखी कुटुंबे पहिल्या गाड्यांबरोबर घरी जाण्यासाठी तिथे मुक्काम करून होती. त्यांत एक म्हातारी होती, मुलबेखची. औषधपाण्यासाठी ती जावयाबरोबर श्रीनगरला आलेली होती. घरची माणसे तिला आबी म्हणत. आबी म्हणजे आजी. जावयाला उर्दू येत होते. पहिल्या दिवशी आबीच्या हातात फिरणारे प्रार्थनेचे चक्र बघून गयाबाईंनी विचारले, "सूत कातती का ही?" मेहबूबभाईंनी जावयाला विचारून सांगितले की त्यात मंत्र आहेत, फिरवले की म्हटल्यासारखे होते. गयाबाईंनी ते हातात घेतले, दोनदा फिरवले आणि परत दिले. "सोपं हाय," म्हणाल्या.

त्या दोघी रोज दुपारी उन्हात एका दगडाशी बसत. आबीने खारट, लोण्याचा चहा दिला. गयाबाईंनी एक घोट घेतला, चेहरा न बदलता गिळला आणि मला मराठीत म्हणाल्या, "चहात मीठ मी घातलं असतं तं सासूनं घरातून काढलं असतं." तरी कप संपवला. त्यांनी आबीला लसणाची चटणी दिली. आबीच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यावर दोघी हसत राहिल्या. गयाबाईंना एक धास्ती होती. तुम्ही कधीपासून बौद्ध, असे आबी विचारेल आणि एकोणीस वर्षे हे उत्तर तिला थोडे वाटेल. आबीने ते कधीच विचारले नाही. तिने विचारले, मुले किती. गयाबाई म्हणाल्या, "दोन. एक हाय." मेहबूबभाईंनी जावयाला सांगितले, एक. गयाबाईंना उर्दू कळत नव्हते, पण बोटे कळत होती. त्या म्हणाल्या, "मेहबूब, दोन म्हण." मेहबूबभाईंनी दोन सांगितले, पुढचेही सांगितले. आबीने जावयाचे बोलणे ऐकले आणि स्वतःची बोटे वर केली. पाच. मग त्यांतली दोन मिटली.

त्या दिवशी संध्याकाळी खरात आईला म्हणाले, "माय, आता इचारून घे. घाट खुलला न्हाई, पण माणूस तं भेटलं. उद्या निघायचं हाय आपल्याला." गयाबाई म्हणाल्या, "न्हाई." खरातांनी पुन्हा समजावले की परत यायला मिळेल की नाही सांगता येत नाही. गयाबाई चिडल्या. "ही काय रस्त्यावर इचारायची गोष्ट हाय का? चुलीपुढं बसून इचारतेत हे. तिच्या घरी जाऊन, तिची चूल बघून इचारीन." सकाळी निघताना आबीने जावयाकरवी निरोप दिला की मुलबेखला या, मोठ्या दगडात कोरलेल्या बुद्धाच्या मूर्तीपाशी कोणालाही विचारा, घर दाखवतील. गयाबाईंनी मेणाच्या गोळ्याचा डबा तिला द्यायला काढला, मग विचार बदलला आणि परत जीपमध्ये ठेवला. "हेबी घरीच लावू," म्हणाल्या.

जालन्यात परत आल्यावर खरातांनी भिंतीवर ज्या ज्या गावी मुक्काम झाला तिथे कावेचा एकेक ठिपका दिला. ठिपके सोनमर्गला, गयाबाईंच्या खांद्याशी, थांबले. दरवर्षी जयंतीच्या आधी घराला चुना दिला जाई तेव्हा ते रेघ सोडून चुना द्यायला लावत. त्यामुळे बाकीची भिंत पांढरी होत गेली आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना जुन्या चुन्याचा एक पट्टा राहिला, रस्त्यासारखा.

पुढच्या वर्षी जीपचे इंजिन गेले. त्याच्या पुढच्या वर्षी गयाबाईंच्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. यंदा सगळे जुळून आले होते. तारीख खरातांनी आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची धरली. शाळेत बिनपगारी रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी रजा दिली, पण विचारले, "पावसाळ्यात कोणी प्रवासाला जातं का हो?" वस्तीत, बाजारात, आमच्या कचेरीतही लोक हसले. पेरणी झाली न झाली, गावाकडची वाट चिखलात, आणि मास्तर म्हातारीला घेऊन डोंगरात निघाला, असे बोलणे होते. मेच्या तारखेला कोणी हसले नव्हते. खरातांनी कोणालाही समजावायचा प्रयत्न केला नाही. मला म्हणाले, "हसून राह्यलेत म्हणजे या टायमाला बराबर हाय."

मेच्या शेवटी त्यांना ताप आला, नंतर कावीळ निघाली. औषध डॉक्टरांचे चालू होते. शेजारची एक बाई कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ या म्हणून दोनदा येऊन गेली. तो काशाच्या थाळीत पाणी घेतो, मंत्र म्हणतो, पाणी पिवळे होते, असे तिने सांगितले. हे मला सुमनबाईंनी सांगितले. गयाबाईंनी मुलाला विचारले. खरात नाही म्हणाले. गयाबाईंनी शेजारणीला चहा दिला आणि परत पाठवले. त्या दिवसांत मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा गयाबाई मुलाच्या उशाशी बसलेल्या होत्या, ओल्या फडक्याने कपाळ पुसत. ओठ हलत होते की नाही, हे मी पाहिले नाही. त्यांनी कोणाला हाक मारली का, हे मला माहीत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, लोक उठून गेल्यानंतर, मेहबूबभाई दारात उभे राहिले. जीपचे टायर नवे घातले होते, ते काढून ठेवू का, हे विचारायला ते आले होते. गयाबाई आतून म्हणाल्या, "कशाला काढतो?" मेहबूबभाई म्हणाले, "आई, आता सर न्हाईत..." गयाबाई बाहेर आल्या. चौकट ठेंगणी नव्हती, पण सवयीने त्या वाकल्या. म्हणाल्या, "तारीख त्यानं धरलेली हाय. दोन्ही लेकरं गेली माझी. आता तं इचारायलाच पाह्यजे." घरातल्या काहींनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. वय झाले, दुःख ताजे आहे, लोक काय म्हणतील, हे सगळे सांगून झाले. सुमनबाईंनी थांबवले नाही. त्यांनी पत्र्याचा डबा काढून पुसला आणि गोणपाट भिजवून ठेवले.

आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पाऊस भुरभुरत असताना, जीप निघाली. गयाबाई पुढच्या सीटवर होत्या. सोबतीला बाई माणूस हवे म्हणून मेहबूबभाईंनी पत्नी रझियाबींना बरोबर घेतले होते. खरातांची जागा मागे रिकामी होती, तिथे कांबळी ठेवली होती. वस्तीतल्या लोकांनी या वेळी मेणबत्त्या आणल्या नाहीत. एक-दोन बायकांनी डब्याचे झाकण उघडून गोळा पाहिला, त्याला हात लावला आणि झाकण बंद केले. मला कचेरीतून सुटी नव्हती. जीप पूल ओलांडून गेली तोपर्यंत मी तिथे होतो.

त्यानंतर सुमनबाईंकडे दोन तारा आल्या. पहिली श्रीनगरहून, रस्ता उघडा असल्याची. दुसरी या शनिवारी दुपारी आली. मी योगायोगाने तिथे होतो. त्यात होते, घाट ओलांडला, कारगिलला मुक्काम, आई ठीक. सुमनबाईंनी तार दोनदा वाचली आणि मुलांना वाचून दाखवली. मग वाटीत काव कालवली, स्टूल ओढले, त्यावर उभ्या राहिल्या आणि मधल्या दाराच्या चौकटीवर, जिथे झोजी ला लिहिलेले आहे तिथे, एक ठिपका दिला. खाली उतरून दुसरा कारगिलला दिला. ठिपके खरातांच्या ठिपक्यांपेक्षा थोडे मोठे आले आहेत.

कारगिलहून मुलबेख जीपने एका दिवसाच्या आतले आहे. भिंतीवर ते अंतर वीतभर आहे. हा मजकूर छपाईला देईपर्यंत तिसरी तार आलेली नाही.